हाताची साक्ष आणि इतिहासाचे वाक्य

लहान मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवू पाहणाऱ्या आईबापांसाठी गेल्या तीसएक वर्षांत, विशेषतः अमेरिकेत, एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच निर्माण झाला आहे. तेथे १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली आणि त्यानंतर मार्गदर्शक पुस्तकांचा ओघ वाढला. इतिहासाच्या वाट्याला या वाङ्मयात बरीच मोठी जागा आली आहे, आणि तीही एका ठरावीक रूपात: गोष्ट वाचा आणि मग हाताने काहीतरी करा. साखरेच्या खड्यांचा किल्ला, मातीच्या पाटीवर उमटविलेली बाणाकृती लिपी, पुठ्ठ्याचे चिलखत अशा कृतींची या पुस्तकांत रेलचेल असते. आपल्याकडे शाळेबाहेर मुले वाढविणारी कुटुंबे थोडी आहेत. पण जी आहेत, त्यांच्या हाती प्रामुख्याने हीच पुस्तके पडतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा तर इच्छा नसतानाही घरोघर शाळा भरली, आणि मुलाला दुपारभर गुंतवून ठेवणारी ‘ऐतिहासिक’ कृती शोधण्याची पाळी पुष्कळांवर आली.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे की, या कृतींचे गुणदोष पारखताना आजवर फक्त हाताकडे पाहिले गेले आहे. कृती चालू असताना आणि संपल्यावर जी वाक्ये बोलली जातात त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नाही. हाताने केलेली वस्तू इतिहास शिकविते की नाही, याचा निकाल बहुधा त्या वाक्यांतच लागतो. वस्तू मुकी असते. तिच्याविषयी बोलताना मूल कोणते क्रियापद कोणत्या रूपात वापरते, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम या वाङ्मयाची घडण पाहू. त्याचे एक मूळ इंग्लंडमधील शार्लट मेसन यांच्या विचारांत सापडते. त्यांचा ‘होम एज्युकेशन’ हा ग्रंथ १८८६ चा. मुलाला चांगला मजकूर एकदाच वाचून दाखवावा आणि मग तो त्याच्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावा, ही कथनाची पद्धत त्यांनी रूढ केली. संग्रहालयात पाहिलेल्या वस्तूंची चित्रे कालक्रमाने काढून ठेवण्याची ‘शतकांची वही’ ही त्यांच्याच परंपरेतली. अलीकडच्या काळात जेसी वाइज आणि त्यांच्या कन्या सुसान वाइज बाउअर यांचे ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ हे पुस्तक १९९९ साली निघाले. त्यापाठोपाठच्या काही वर्षांत बाउअर यांनी ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ ही जगाच्या इतिहासाची चार खंडांची मालिका लिहिली आणि प्रत्येक खंडाला कृतिपुस्तकाची जोड दिली. कृतिपुस्तकात प्रत्येक प्रकरणावर प्रश्न, तोंडी कथन, नकाशा, रंगवायचे चित्र आणि शेवटी हस्तकृती असा क्रम आढळतो. मालिकेची भाषा स्वच्छ आहे, निवेदन रंजक आहे आणि घरात बसून चार मुलांना एकत्र शिकविणाऱ्या आईच्या अडचणींची जाण तीत आहे. हे प्रारंभीच सांगितले पाहिजे, कारण पुढील टीका हलक्या पुस्तकावरची नाही.

या कृतिपुस्तकांतील सर्वांत गाजलेली कृती म्हणजे कोंबडीची ममी. प्राचीन इजिप्तचे प्रकरण वाचून झाले की बाजारातून सोललेली कोंबडी आणावयाची, धुऊन कोरडी करावयाची, मीठ आणि सोडा यांच्या मिश्रणात पुरून ठेवावयाची; मिश्रण ओलावले की बदलावयाचे. असे कित्येक आठवडे गेल्यावर ती वाळते; मग तिला पट्ट्या गुंडाळून पेटीत निजवावयाचे. मुलांना ही कृती जन्मभर आठवते असे सांगतात, आणि त्यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातून इतिहासाविषयी काय आठवते? इजिप्शियन लोक प्रेते मिठात वाळवीत, हेच ना? ते तर प्रकरणात अगोदरच लिहिलेले होते. कोंबडीने त्यावर शिक्कामोर्तब केले, इतकेच.

गंमत अशी की या कोंबडीला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. ममी कशी करीत याचे सर्वांत विस्तृत जुने वर्णन हिरोडोटसच्या दुसऱ्या पुस्तकात येते. त्यात प्रेत सत्तर दिवस नॅट्रॉनमध्ये ठेवीत असे म्हटले आहे. नॅट्रॉन म्हणजे सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे, मीठ व सल्फेट मिसळलेले नैसर्गिक मिश्रण. सोडियमची ‘एनए’ ही रासायनिक संज्ञा याच शब्दाच्या वंशातली. आता हे नॅट्रॉन पाण्यात विरघळवून त्यात प्रेत बुडवीत, की कोरड्या नॅट्रॉनमध्ये पुरीत? हिरोडोटसने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘तारिखेउओ’ हे मासे टिकविण्याच्या क्रियेलाही लागते. अनुवादकांनी त्याचा अर्थ भिजविणे असा केला आणि द्रावणाची कल्पना ग्रंथांतून स्थिरावली. तूतानखामेनच्या थडग्यातील वस्तूंवर काम केलेले रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ल्यूकस यांनी हा अर्थ तपासावयाचे ठरविले. मासे खारविताना ते कोरड्या मिठात ठेवतात, मग प्रेताच्या बाबतीत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा का घ्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्या कोकणातल्या कोणाही कोळणीला तो सहज पटला असता. त्यांनी कबुतरे व कोंबड्या घेऊन दोन्ही प्रकारे प्रयोग केले आणि १९३२ साली आपले विवेचन प्रसिद्ध केले. त्यांचा कौल कोरड्या नॅट्रॉनच्या बाजूने पडला. पुढे १९९४ मध्ये बॉब ब्रायर आणि रोनल्ड वेड यांनी अमेरिकेतील मेरीलंड येथे देहदान केलेल्या एका मनुष्याच्या शरीरावर, इजिप्तमधील वादी नत्रून येथून आणलेले नॅट्रॉन वापरून, हा विधी ३५ दिवसांत पार पाडला.

म्हणजे ल्यूकस यांच्या टेबलावर एक कोंबडी होती आणि आज अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात तशीच एक कोंबडी आहे. पहिली एका शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी वाळविली गेली. तिचे सडणेही तितकेच उपयोगाचे होते, कारण त्यातूनही उत्तरच मिळाले असते. दुसरी सडली तर कृती ‘फसली’ असे म्हणून ती कचऱ्यात टाकतात. हा फरक साहित्याचा नाही, वयाचाही नाही. एक कोंबडी मिठाच्या पाण्यात आणि एक कोरड्या मिठात ठेवून, ‘त्यांनी यांपैकी काय केले असेल?’ असे सात वर्षांच्या मुलाला विचारता येते. एक कोंबडी अधिक लागेल, आणि वास मात्र दुप्पट सोसावा लागेल.

तत्त्व म्हणून मांडावयाचे तर असे म्हणता येईल: जी कृती ठरलेल्या उत्तरावर संपते ती कारागिरी शिकविते, जिच्यात वस्तू हाताला विरोध करते आणि त्या विरोधाचे कारण शोधावे लागते, तिथे इतिहासाचा आरंभ होऊ शकतो. आर. जी. कॉलिंगवुड या तत्त्वज्ञाने ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ या, त्याच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये निघालेल्या, ग्रंथात इतिहास म्हणजे गतकालीन विचाराची पुनर्घटना असे प्रतिपादन केले. पुनर्घटना विचाराची, हालचालीची नव्हे. पुठ्ठ्याचे चिलखत अंगावर चढविणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्वतः कॉलिंगवुड तेराव्या वर्षापर्यंत घरीच, चित्रकार व पुरातत्त्वज्ञ अशा आपल्या वडिलांपाशी शिकला, हा योगायोग गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी फारसा वापरलेला दिसत नाही.

हाताला होणाऱ्या विरोधातून इतिहास शिकविण्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला घराबाहेरचा आहे, तरी त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जॉन डुई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात आपली प्रयोगशाळा-शाळा काढली आणि १८९९ च्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ मध्ये तिथल्या एका वर्गाची हकीकत दिली. मुलांच्या हाती कच्ची लोकर आणि बोंडांतला कापूस देण्यात आला. कापसाचे तंतू सरकीपासून सोडविता सोडविता एका गटाचा अर्धा तास गेला आणि एक औंससुद्धा रुई हाती आली नाही. एका माणसाला दिवसभरात एक पौंडाच्या वर रुई काढता येणार नाही, हे मुलांना सहज पटले. लोकरीचे तंतू लांब आणि खरखरीत, एकमेकांना धरून राहणारे. कापसाचे आखूड आणि गुळगुळीत, हेही त्यांच्या बोटांना कळले. लोकर विंचरण्याची खिळ्यांची फळी, पीळ देण्यासाठी भोक पाडलेला दगड ही साधने त्यांनी आपल्या बुद्धीने जणू पुन्हा शोधून काढली. कापसाचा धंदा लोकरीच्या मानाने एवढा उशिरा का वाढला, याचे कारण मुलांनी सांगेपर्यंत आपल्यालाच ठाऊक नव्हते, अशी कबुली डुई देतात. आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का घालीत, याचा उलगडा मुलांना अशा रीतीने हातातून झाला.

हा उतारा शिक्षणशास्त्राच्या वर्गात शतकाहून अधिक काळ कौतुकाने वाचला जात आहे, आणि प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत तो तसाच वाचला. एक शब्द मात्र तेव्हा नजरेतून निसटला: ‘आपले पूर्वज’. कोणाचे? मोहेंजोदडोच्या उत्खननात, १९२० नंतरच्या दशकात, एका रुप्याच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष मिळाले. ते इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातले आहेत. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे एका नवाश्मयुगीन दफनातील तांब्याच्या मण्यात कापसाच्या धाग्याचा अंश टिकून राहिल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यामुळे कापसाचा पुरावा इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकापर्यंत मागे गेला. त्याही पूर्वजांच्या बोटांना सरकी तितकीच चिवट लागली असेल. तरी त्यांनी कापूस सोडला नाही. त्यांनी युक्ती काढली. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या चित्रांत सरकी काढण्याच्या एका रुळाच्या साधनाचे चित्रण अभ्यासकांनी ओळखले आहे. पुढे दोन रुळांचे लाकडी यंत्र आले आणि ते शतकानुशतके चालले. अमेरिकेत एली व्हिटनीचे यंत्र १७९३ साली आले, ते मुख्यतः तिथल्या उंचवट्याच्या प्रदेशातल्या, सरकीला घट्ट चिकटून राहणाऱ्या कापसासाठी. समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी रुळांतून सहज सुटत असे. तेव्हा शिकागोच्या मुलांची बोटे खोटे बोलली नाहीत. त्यांना जे विचारले त्याचे त्यांनी बरोबर उत्तर दिले. पण उत्तर युरोपच्या उत्तर भागापुरते होते, आणि तिथेही कापूस मुळात उगवत नव्हता, मेंढ्या मात्र भरपूर होत्या. ही गोष्ट बोटांना कळण्याजोगी नाही, ती नकाशाला कळते. ‘अवघड म्हणून उशिरा’ हे अनुमान हाताने सुचविले; ते तपासण्याचे काम हाताचे नव्हते. डुईंच्या वर्गात ते तपासल्यावाचून नियम झाले.

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वाढलेल्या मुलाला किंवा घरात आजीला देवाच्या वाती वळताना पाहिलेल्या कोणालाही हा धडा उलट बाजूने शिकविता येईल. बोंड हाती द्यावे, सरकी काढू द्यावी, दमू द्यावे, आणि मग विचारावे: इतके अवघड असूनही इथल्या लोकांनी सूतच का कातले?

वर्ध्याचे नाव येथे ओघानेच येते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून आणि त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. टकळीच्या निमित्ताने कापसाचा, वस्त्रोद्योगाच्या ऱ्हासाचा आणि त्यामागे उभ्या असलेल्या इंग्रजी व्यापाराचा इतिहास मुलाला सांगता येईल, ही गांधीजींची कल्पना मोठी होती. डुईंच्या धड्यात जो ‘आपले’ संशयास्पद ठरतो, तो येथे आपल्या जागी होता. परंतु समितीने आखलेले वेळापत्रक पाहावे. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून ३० मिनिटे. उद्योगाच्या वेळातच बाकीचे विषय गुंफावयाचे होते, हे मान्य. पण ते गुंफणे ज्या संभाषणावर अवलंबून होते त्या संभाषणाची तालीम शिक्षकाला कोण देणार, हा प्रश्न सुताच्या गुंड्यांखाली दबून गेला. गुंड्या मोजता येतात, संभाषण मोजता येत नाही.

आता ज्या कृतीसाठी आपल्याला परदेशी पुस्तकाची गरज कधीच पडली नाही, तिच्याकडे वळू. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करतात. दगडविटांचा ढीग, त्यावर पोते, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव, शिखरावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. या कृतीला अभ्यासक्रम नाही आणि शिक्षक नाही. तिची परंपरा मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जाते. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. तेव्हापासून अमुकच किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती करावी असा आग्रह स्पर्धांतून वाढलेला दिसतो. माझ्या मते हुबेहूबपणाचा हा हव्यास कोंबडीच्या ममीच्या जातीचा आहे. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला छायाचित्रावरून उतरविणाऱ्या मुलाला सगळे काही आधीच ठाऊक असते; चिखलाने त्याला अडवून विचारावे असे काही उरत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारी तीन मुलांनी, त्यांत थोरली नऊ वर्षांची मुलगी, असाच एक निनावी किल्ला केला. मुलीने गडावर तळे हवे म्हणून मातीत खळगा केला आणि पाणी ओतले. ते मुरले. पुन्हा ओतले, पुन्हा मुरले, आणि एका बाजूचा बुरूज ओला होऊन खचला. धाकट्याने प्लास्टिकचा कागद आणला; तिने तो नाकारला, कारण ‘तेव्हा प्लास्टिक नव्हतं’. शेवटी नारळाची करवंटी बसविली आणि पाणी राहिले. मग थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “खऱ्या गडावर खाली कातळ असणार. त्यांनी कातळच फोडला असेल.”

या दोन लहान वाक्यांवर कोंबडीचा सगळा ग्रंथ ओवाळून टाकावा असे मला वाटले, आणि त्याचे कारण त्यांतील माहिती हे नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास कातळ फोडून टाकी करावीत, असा स्पष्ट उपदेश आहे, ती माहिती मुलीला पाठही करून देता आली असती. महत्त्व आहे ते ‘असणार’ आणि ‘फोडला असेल’ या रूपांना. तिने ‘खाली कातळ आहे’ असे म्हटले नाही, ‘त्यांनी कातळ फोडला’ असेही म्हटले नाही. चिखलाने जे नाकारले त्यावरून ती न पाहिलेल्या गोष्टीकडे गेली आणि जाताना आपल्या वाक्यावर त्या प्रवासाची खूण ठेवून गेली.

मराठीत या खुणांची चांगलीच समृद्धी आहे. ‘पाऊस पडला’ म्हणजे मी ग्वाही देतो. ‘पाऊस पडला असेल’ म्हणजे तर्क करतो. ‘पडला असणार’ यात तर्काला खात्रीचा टेकू असतो. ‘पडला असावा’ म्हणताना अंगणातली ओल बहुधा बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते. आणि ‘पडला म्हणे’ यात जबाबदारी दुसऱ्यावर टाकलेली असते. व्याकरणाच्या पुस्तकांत ‘आवा’ प्रत्ययाचा विचार कर्तव्य, इच्छा, शक्यता अशा अर्थांखाली विखुरलेला सापडतो. पण पुराव्यावरून न पाहिलेल्या घटनेकडे जाणे हे त्याचे काम इतिहासाच्या शिक्षणात किती मोलाचे आहे, याकडे लक्ष गेलेले नाही. शिवाय ही रूपे मुलाला नव्याने शिकवावी लागत नाहीत. ‘बाबा निघाले असावेत’, ‘दूध मांजरानं प्यायलं असेल’ ही वाक्ये ते घरात रोज ऐकते आणि बोलते. लहान वयात मुलाला संशय पेलत नाही, म्हणून इतिहास त्याला ठाम गोष्टीच्या रूपात द्यावा, असे जे म्हटले जाते ते निदान मराठी घराच्या बाबतीत टिकत नाही; मांजराच्या बाबतीत पुरावा तोलणारे मूल महाराजांच्या बाबतीतही तो तोलू शकेल. आपण त्याला ती संधी देत नाही. पाठ्यपुस्तकातील इतिहास बहुतांशी ‘होता, केला, जिंकला’ या रूपांत चालतो, आणि आटपाट नगराच्या कहाणीतला राजाही ‘होता’च. दोन्ही ‘होता’ कानाला सारखेच लागतात; त्यांतला भेद मुलाने कोठून ओळखावा?

यावरून पुन्हा गृहशिक्षणाच्या पुस्तकांकडे येता येते. मेसनबाईंच्या परंपरेने कथनाला जे स्थान दिले ते सर्वथा योग्य होते, आणि ही पुस्तके त्यांचा वारसा सांगतात. परंतु त्यांच्या क्रमात कथन येते ते वाचलेल्या प्रकरणाचे, कृतीच्या आधी. कृती येते शेवटी, बक्षिसासारखी, आणि तिच्यानंतर बहुधा कोणी काही बोलत नाही. पट्ट्या गुंडाळल्या, छायाचित्र काढले, संपले. क्रम उलटा केला तर काय होईल? आधी हात, मग मुलाचे तोंडी कथन (हाताला काय जमले नाही, का जमले नसेल, त्या लोकांनी काय केले असेल), आणि त्यानंतर प्रकरण. मग ग्रंथातले वाक्य मुलाच्या तर्काला उत्तर म्हणून येईल, आणि कधी तो तर्क चुकीचाही ठरवील. डुईंच्या वर्गात हेच राहून गेले. या मुलांनी शोधून काढलेले कारण मोहेंजोदडोच्या भांड्यासमोर ठेवावयास हवे होते. अर्थात १८९९ साली ते भांडे जमिनीखालीच होते, म्हणून दोष डुईंना फारसा देता येत नाही. तो उतारा आजही तसाच शिकविणाऱ्यांना मात्र देता येतो.

शब्दही हातासारखेच अडवितात, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. त्याच किल्ल्यावर धाकट्याने शिखरापाशी एक अगदी चिमुकला किल्ला वेगळा केला होता आणि त्याला तो ‘बालकिल्ला’ म्हणत होता. मोठा किल्ला आणि त्याचे बाळ. बालेकिल्ल्यातील ‘बाला’ हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वरचा, हे सांगितल्यावर त्याची थोडी निराशा झाली. पण मग ‘बुरूज पण तिकडचाच का?’ असे त्यानेच विचारले. बुरूज अरबी आहे. मराठ्यांच्या गडावर हे शब्द कसे आले, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कित्येक प्रश्नांहून इतिहासाच्या अधिक जवळचा आहे, आणि तो चुकीच्या व्युत्पत्तीतून निघाला.

भाऊबीजेनंतर किल्ला मोडला. करवंटी राहिली होती. मुलीला प्रश्न पडला की कातळ फोडून एवढे मोठे टाके करायला किती दिवस लागले असतील. उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिच्या वडिलांनी छिन्नी आणि हातोडी काढून दिली, पायरीशी पडलेला काळ्या दगडाचा तुकडा घेतला आणि आम्ही आळीपाळीने त्यावर अर्धा तास घाव घातले. मूठभर चुरासुद्धा निघाला नाही. तेव्हा ती म्हणाली की एवढे काम एका राजाच्या काळात होणारच नाही. टाकी महाराजांच्या पुष्कळ आधीपासून खोदलेली असतील.

डुईंच्या मुलांचे अनुमान पुन्हा माझ्यासमोर उभे होते: अवघड, म्हणून काळ मोठा. शिवनेरीच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. त्या डोंगरात सातवाहन काळातली लेणी आणि टाकी आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या प्राकृत लेखांत ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याच्या नोंदी आढळतात. पण म्हणून प्रत्येक गडाचे प्रत्येक टाके तितके जुने ठरत नाही. माणसे किती लावली, हा प्रश्न तिच्या हिशेबात अद्याप आलेला नव्हता. मी तिला ‘पोढि’ हा शब्द सांगितला आणि माणसांचा प्रश्न विचारला. तिने वहीत लिहिले, ‘टाकी आधीच खोदली असतील, किंवा खूप माणसे असतील.’ तिच्या आईने शुद्धलेखन तपासताना दोन्ही ‘असतील’ खोडून ‘होती’ करावयास घेतले. ते तसेच राहू द्यावेत अशी मी विनंती केली.